रकान्यांची फूटपट्टी

गर्दीत माणसे चेंगरून मेली की चार दिवसांत एक आक्षेप हमखास ऐकू येतो. सोलच्या इतेवॉनमध्ये २०२२ साली १५९ जण गेले, त्यांच्यासाठी जग हळहळले. हाथरसच्या सत्संगात २०२४ साली १२१ गेले, त्यात बहुतेक बायका, त्यांना आठवड्यानंतर कोणी विचारले? म्हणजे शहरी तरुणाचा जीव महाग आणि सत्संगाला गेलेल्या बाईचा स्वस्त.

हा आक्षेप निराधार नाही. बातमीचे मोल ठरताना सांस्कृतिक जवळीक आणि देशाची पत किती भारी पडते, हे योहान गाल्टुंग आणि मारी रूगे यांनी १९६५ सालीच मांडले होते, तेही नॉर्वेच्या वृत्तपत्रांतल्या काँगो, क्यूबा आणि सायप्रसच्या बातम्या तपासून. आपल्याकडे मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी २३ जण गेले. अनेक वाहिन्यांच्या कचेऱ्या तिथून हाकेच्या अंतरावर होत्या. ओरड झाली आणि काही महिन्यांत लष्कराने नवा पूल उभारून दिला. याउलट, गावाकडच्या यात्रेची बातमी देणारा वार्ताहर बहुधा जाहिरातींच्या कमिशनवर जगतो. ‘यात्रा विशेष’ पुरवणीसाठी शुभेच्छांच्या जाहिराती त्यानेच गोळा केलेल्या असतात. बाहेर पडायचा दुसरा रस्ता का नव्हता, हे तो कुठल्या तोंडाने विचारणार?

इथवर मान्य. पण यातून ‘मृतांच्या प्रमाणात रकाने द्या, विषमता मिटेल’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही.

रकान्यांची कमतरता हिल्सबरोला कधीच नव्हती. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या त्या मैदानात लिव्हरपूलचे ९६ फुटबॉलप्रेमी चिरडले गेले (पुढे मृतांचा आकडा ९७ झाला). ब्रिटनच्या प्रत्येक वृत्तपत्राने पानेच्या पाने भरली. आणि चौथ्या दिवशी ‘द सन’ने पहिल्या पानावर ‘सत्य’ छापले: म्हणे प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. खरे असे होते की बाहेरची गर्दी वाढल्यावर पोलिसांच्या आदेशाने एक फाटक उघडले गेले आणि आधीच भरलेल्या कठडेबंद कप्प्यांकडे जाणारा बोगदा मात्र बंद केला गेला नाही. ‘प्रेक्षकांनी फाटक फोडले’ हे पोलीस अधिकाऱ्याने सांगितलेले खोटे होते. प्रेक्षकांचा दोष नव्हता आणि मृत्यू बेकायदा कृत्यातून झाले, हा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ उजाडले. प्रसिद्धी पुरेपूर मिळाली, आणि त्या प्रसिद्धीनेच घात केला.

मांढरदेवीचेही तेच. २५ जानेवारी २००५ च्या त्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक गेले. छापून कमी आले नाही. जळत्या दुकानांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. पण लेखणी वळली नवसाकडे, पशुबळीकडे, अंधश्रद्धेकडे. ती चर्चा गैर होती असे मी म्हणणार नाही. तरी नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दुकानांनी आवळलेली वाट यांना श्रद्धा-अश्रद्धेशी काय देणेघेणे? त्या वाटेवर सगळे नास्तिक असते तरी मेलेच असते. गर्दीचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन यांनी नोंदवले आहे की चौरस मीटरला सातेक माणसे झाली की जमाव जवळजवळ द्रवासारखा वागू लागतो. माणसाला स्वतःचे पाऊलही स्वतः टाकता येत नाही. बहुतेकांचा जीव छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने जातो, अनेकदा उभ्या उभ्या. बातमीत मात्र ‘अफवा पसरली आणि लोक सैरावैरा धावले’. धावायला जागा असती तर ते मेले असते का?

शिवाय ‘मृतांच्या प्रमाणात’ म्हणायचे तर आधी मृत मोजायला हवेत. हजच्या वेळी मक्केजवळच्या मीनामध्ये २०१५ साली झालेल्या चेंगराचेंगरीत सौदी सरकारने ७६९ मृत सांगितले; देशोदेशीच्या सरकारांनी दिलेले आकडे एका वृत्तसंस्थेने जोडले, तेव्हा बेरीज २,४०० च्या पुढे गेली. ज्या आकड्यावरून बातमीचे आकारमान ठरवायचे, तो आकडाच बातमीदाराने शोधून काढलेला असतो.

म्हणून विषमता पाहायची तर पहिल्या पानावर पाहू नये. फाटक कोणी उघडले, परतीचा रस्ता कोणी अडवला, नावे कोणी लपवली, हे विचारायला महिन्या-सहा महिन्यांनी कोणी गेले का, ते पाहावे. त्याला खर्च येतो, मनुष्यबळ लागते, असे संपादक सांगतात. ते खरेच आहे. पण तो खर्च कधी करायचा आणि कधी टाळायचा, याची निवड होते, आणि पंक्तिप्रपंच तिथेच होतो.

प्रयागराजच्या कुंभात २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. मृतांचा अधिकृत आकडा संध्याकाळी आला: ३०. पुढे तो ३७ झाला. बीबीसीचे बातमीदार अनेक राज्यांत मृतांच्या घरी गेले आणि त्यांना किमान ८२ मृत्यूंचे पुरावे मिळाले. काही घरांना पंचवीस लाखांची मदत जाहीरपणे मिळाली होती. काही घरांत पाच लाख रोख पोहोचले होते, आणि त्यांचा मृत सरकारी मोजणीत धरलेला नव्हता.