जुनेपणाचें रोगण

काळ वस्तूंवर जो रंग चढवितो तो बाजारांत विकत मिळत नाहीं, अशी आमच्या वडिलांची समजूत असे. आज तो डब्यांत भरून मिळतो व कुंचल्यानें लावितां येतो. विजेच्या गिटारीचा आवाज ज्या यंत्रांतून मोठा होऊन बाहेर पडतो, त्या यंत्राच्या कापडी पेटीची हकीकत या बाबतींत ऐकण्यासारखी आहे.

कॅलिफोर्नियांतील फुलरटन या गांवीं लिओ फेंडर यांनीं १९३८ सालीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान घातलें. या गृहस्थांस स्वतः गिटार वाजवितां येत नसे, आणि तरी गिटारीच्या इतिहासांत त्यांचें नांव अजरामर झालें! १९४६ मध्यें त्यांच्या कंपनीनें जीं पहिलीं ध्वनिवर्धक यंत्रें काढलीं, त्यांच्या पेट्या उंची लांकडाच्या, चकचकीत, दिवाणखान्यांतील रेडिओच्या थाटाच्या होत्या. परंतु वादकाचें बिऱ्हाड पाठीवर. आज या गांवचा नाच, उद्यां त्या गांवचें मद्यगृह. अशा प्रवासांत चार धक्के बसले कीं लांकडाची शोभा गेलीच. तेव्हां थोड्याच काळांत पेट्या हलक्या पाइनच्या फळ्यांच्या होऊं लागल्या, आणि त्यांवर प्रवासी बॅगांना लावीत तसलें जाड सुती कापड सरसानें चिकटविण्यांत येऊं लागलें.

या कापडास 'ट्वीड' म्हणतात. वास्तविक ट्वीड म्हणजे स्कॉटलंडचें लोंकरी कापड. हें तर तिरक्या विणीचें साधें सूत! पण मौज अशी कीं, 'ट्वीड' हा शब्दच तिरक्या विणीच्या 'ट्वील' या स्कॉच नांवाच्या चुकीच्या वाचनांतून निघाला, असें सांगतात. तसें असेल तर अमेरिकेंत हा शब्द चुकत चुकत आपल्या माहेरींच पोंचला म्हणावयाचा.

कोरें सुती कापड मळ फार लवकर धरतें. म्हणून कारखान्यांत त्यावर पारदर्शक लॅकरचा हात देत. हें लॅकर उजेडानें व वयानें पिवळें पडलें, आणि मद्यगृहांतील तंबाखूच्या धुरानें त्यावर आपला थर चढविला. गवताच्या काडीसारखा फिका रंग मधासारखा झाला, पुढें तपकिरी झाला. आज ज्या रंगावर लोक लुब्ध आहेत, तो कारखान्यांतील कोणाच्याही मनांत नव्हता.

१९६० च्या सुमारास कापड जाऊन कृत्रिम चामडें आलें. १९६५ मध्यें कंपनी सी. बी. एस. या बड्या संस्थेस १ कोटी ३० लक्ष डॉलरला विकली गेली, आणि जुन्या मालाचें गुणगान सुरू झालें. तिकडे लंडनमध्यें जिम मार्शल यांच्या दुकानांत १९६२ सालीं 'बेसमन' या कापडी पेटीच्या यंत्राचीच रचना पुढें ठेवून नवें यंत्र तयार झालें होतें. १९९० मध्यें तर खुद्द फेंडर कंपनीनें १९५९ चा 'बेसमन' पुन्हां बाजारांत आणला.

नव्या कापडाचा फिकेपणा हौशी माणसास सोसवत नाहीं. तो मग चपडी लाखेकडे वळतो, आणि येथें हा विषय आमच्या देशांत येऊन पोंचतो. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील बारीक किड्यांची ही लाख. हिच्या संशोधनासाठीं रांचीस १९२४ सालींच संस्था निघाली. आमचे सुतार खुर्च्या-कपाटांस जें स्पिरिट-पॉलिश करतात, तेंच हें.

कृति सोपी, पण धीराची आहे. कोरें सूत सगळीकडे सारखें शोषीत नाहीं, आणि खालचा सरस जेथें वर झिरपला असेल तेथें तर मुळींच नाहीं. एकदम गडद लाख लावल्यास डाग पडतात, ते पुन्हां निघत नाहींत. म्हणून आधीं स्पिरिटांत पातळ केलेल्या स्वच्छ, बिनरंगी लाखेचे एक-दोन हात देऊन कापडाची तहान भागवावी. मग पिवळसर लाखेचे पातळ हात, एक पुरता वाळल्यावर दुसरा, असे देत जावें. कुंचला विणीच्या दिशेनें भराभर ओढावा व फिरून त्याच जागीं आणूं नये. लाखेस पाणी व मद्य दोन्ही सोसत नाहींत, आणि वादकांच्या पेट्यांवर पेले ठेवण्याची चाल सार्वत्रिक आहे; यास्तव शेवटीं लॅकरचा हात अवश्य द्यावा. हें सर्व प्रथम उरलेल्या चिंधीवर करून पाहावें, हें सांगावयास नकोच.

कोणी म्हणेल, ही खोट्या म्हातारपणाची हौस कशाला? आमचें मत असें कीं, स्वतःच्या पेटीस रंग देणें हा शृंगार आहे; तीच पेटी १९५५ ची म्हणून दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें ही लबाडी आहे. जुन्या पेट्यांना मोठी किंमत येऊं लागल्यापासून या दोहोंमधील भिंत फार पातळ झाली आहे. मात्र कुंचल्याचा रंग सर्वत्र सारखा बसतो, काळाचा तसा बसत नाहीं. जेथें पेटी मांडीवर घांसली, गाडींत आपटली, तेथें कापडाचे धागे उघडे पडतात. आणि जेथें धूर व ऊन पोंचलें नाहीं, त्या चामड्याच्या मुठीच्या बुडाशीं, स्क्रूनें बसविलेल्या धातूच्या पट्टीखालीं, मूळचा फिका रंग तसाच राहतो. पेटी घेतांना दुकानदार समोरचा रंग दाखवीत असतां आम्ही तर त्याच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागूं.