पाटीचा बाण फिरवणारे

ब्राउझरमध्ये साइटचे नुसते नाव टाइप करून एंटर दाबले, की अनेक वर्षे एक ठरलेली देवघेव होत असे. ब्राउझर आधी सर्व्हरच्या पोर्ट ८० वर जाई. तिथून उत्तर येई '३०१', म्हणजे मुक्काम कायमचा हलवला आहे, आणि सोबत 'एचटीटीपीएस'ने सुरू होणारा नवा पत्ता. मग ब्राउझर पोर्ट ४४३ गाठी आणि तिथून पुढचे सगळे बोलणे एन्क्रिप्ट होई. जुन्या गाळ्यावर 'दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे' अशी पाटी लावतात, तसाच हा प्रकार. अडचण एवढीच की पाटी उघड्या रस्त्यावर असते आणि तिचा बाण कोणीही फिरवू शकतो.

मागची गल्ली जुनीच आहे. नेटस्केप कंपनीने १९९४ मध्ये एचटीटीपीएसमागचे एसएसएल बनवले. पहिली आवृत्ती इतकी कच्ची होती की ती बाहेर आलीच नाही, दुसरी १९९५ मध्ये आली. हेतू साधा होता: ग्राहकाने क्रेडिट कार्डाचा नंबर निर्धास्तपणे द्यावा. त्यामुळे बंदोबस्तही पैशाच्या पानापुरताच राहिला. कोण काय वाचतो, काय शोधतो, कोणाला लिहितो, हे सगळे उघड्यावर. एन्क्रिप्शनने सर्व्हरवर ताण पडतो आणि साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे मोजावे लागतात, ही कारणे सांगितली जात. पहिल्यात फारसा दम उरला नव्हता. जानेवारी २०१० मध्ये जीमेल सर्वांसाठी एचटीटीपीएसवर गेले, आणि हा ताण सर्व्हरच्या प्रोसेसरवर एक टक्काही नाही, असे गूगलच्या अॅडम लँग्ली यांनी त्याच वर्षी जाहीर केले.

बाण फिरवणे किती सोपे आहे, हे मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये दाखवून दिले होते. त्यांचे 'एसएसएलस्ट्रिप' हे साधन ग्राहक आणि बँक यांच्या मध्ये बसून बँकेशी एन्क्रिप्ट केलेले बोले आणि ग्राहकाशी साधे. ग्राहकाला एकही इशारा दिसत नसे, कारण मोडायला कुलूपच नव्हते. तो कुलपापर्यंत पोहोचतच नव्हता.

तज्ज्ञ हादरले, पण सामान्य माणसापर्यंत ही गोष्ट गेली ती ऑक्टोबर २०१० मध्ये, एरिक बटलर यांच्या 'फायरशीप'मुळे. फायरफॉक्सला जोडायचे हे छोटे साधन. कॅफेच्या उघड्या वायफायवर ते सुरू केले की आसपासच्या लोकांची फेसबुक आणि ट्विटर खाती फोटोसकट बाजूच्या पट्टीत दिसत. त्यावर क्लिक केले की त्या माणसाच्या खात्यात शिरता येई. पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन जाई, पण त्यानंतर ओळख पटवणारी कुकी मात्र उघडी फिरे. या क्षेत्रात हजार भाषणांपेक्षा असा एक आगाऊपणा जास्त काम करतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्युनिशियात उठाव पेटला. तिथल्या इंटरनेट पुरवठादारांकडून येणाऱ्या फेसबुकच्या लॉगिन पानात पासवर्ड टिपणारा कोड मिसळला जात होता. जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने ट्युनिशियातले सारे लॉगिन एचटीटीपीएसकडे वळवले. पुरवठादारांना ठरवले असते तर ही वळवणीही मोडता आली असती. त्यांनी ती मोडली नाही, हे नशीब.

म्हणजे प्रश्न उरला तो पहिल्या, उघड्या विनंतीचा. कॉलिन जॅक्सन आणि अॅडम बार्थ यांनी २००८ मध्येच त्यावर तोड मांडली होती. जेफ हॉजेस यांच्यासह तिचे नोव्हेंबर २०१२ मध्ये 'एचएसटीएस' हे मानक झाले. साइट ब्राउझरला सांगते, 'पुढचे इतके सेकंद माझ्याकडे फक्त एचटीटीपीएसनेच ये.' वर्षभरासाठी हा आकडा ३,१५,३६,०००. मग ब्राउझर पाटी वाचायला जातच नाही. तरी अगदी पहिली भेट उघडीच राहते, म्हणून अशा साइटींची यादीच ब्राउझरमध्ये भरून देण्यात येऊ लागली. 'डॉट अॅप' हे अख्खे डोमेन या यादीत आहे.

विकिपीडियाने जून २०१५ मध्ये सगळा कारभार एचटीटीपीएसवर नेला. मराठी विकिपीडियाही त्यातच आला. याचा एक परिणाम सेन्सॉरना जड गेला. कोणता लेख वाचला जातोय हेच दिसेना, तेव्हा एखादाच लेख अडवण्याची सोय संपली. तुर्कस्तानने एप्रिल २०१७ मध्ये अख्खा विकिपीडिया बंद केला, तो जानेवारी २०२० पर्यंत.

२०१५ च्या त्याच जूनमध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरने दाखवून दिले, की मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येणाऱ्या साध्या पानांत तिसऱ्याच कंपनीचा कोड घुसडला जातोय. पानात कोड मिसळायला हुकूमशाहीच लागते असे नाही.

उरली प्रमाणपत्राची किंमत. ती 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने डिसेंबर २०१५ पासून शून्यावर आणली, आणि मानवी हाताचे काम प्रोग्रॅमकडे दिले. गंमत अशी की साइट तुमचीच आहे ना, याची तिची सर्वांत रुळलेली तपासणी आजही त्या उघड्या पोर्ट ८० वरूनच होते. छोट्या साइटींना या मोफत प्रमाणपत्राने जे दिले, ते कोणत्याही मानकाने दिले नव्हते.

जुलै २०१८ पासून क्रोमने प्रत्येक साध्या एचटीटीपी पानावर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने पत्त्याशेजारचे कुलपाचे चित्रही काढून टाकले. तोवर फसवणुकीच्या साइटीही एचटीटीपीएसवर आल्या होत्या आणि लोक मात्र कुलूप पाहून साइटच्या मालकावर भरवसा टाकत होते. गूगलच्या २०२१ मधल्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला होता.