मास्तरीणबाईंची पावडर

शिकवणाऱ्या बाईनं तोंडाला काही लावावं की लावू नये, हा प्रश्न शेतकऱ्याच्या डोक्यात यायचं तसं काही कारण नाही. पण माझ्या घरातल्या दोघी जणी या वाटेनं गेल्या. धाकटी बहीण १९८० साली डी.एड. झाली आणि लेकीची लेक आता अंधेरीला बी.एड. करते. दोघींमध्ये चव्वेचाळीस वर्षांचं अंतर. दोघींच्याही पाठाला परीक्षक मागच्या बाकावर बसले, दोघींच्याही तोंडाकडं त्यांनी बघितलं आणि दोघींच्याही वहीत शेरा लिहिला. एवढ्या वर्षांत फळा बदलला, खडू बदलला, पाठ टाचणाच्या वहीचा नमुना बदलला. शेरा तेवढा तोच राहिला. तेव्हा याचं मूळ कुठं आहे ते बघावं म्हणून मी गावच्या वाचनालयातली पुस्तकं चाळली, चार म्हाताऱ्यांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. नारायणगाव जवळ. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्यापासून तिथं फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. लहानपणी आम्ही पोरं तंबूच्या मागच्या अंगाला जाऊन कनातीच्या फटीतून बघायचो. पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवून बाया तोंड रंगवत बसलेल्या असायच्या. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या असं सांगतात. तोंडाला लावलेल्या त्या रंगाखाली केवढे कष्ट होते! पण गावानं रंग तेवढा लक्षात ठेवला. आमच्याकडं बाई जरा नीटनेटकी निघाली की 'नटवी', 'नटमोगरी', 'नट्टापट्टा' असे शब्द येतात. सगळ्या शब्दांत नट बसलेला आहे. रंग लावणारी ती तमाशातली, घरातली नव्हे, हा हिशोब त्या शब्दांत पक्का झालेला आहे.

मौज अशी की पांढरपेशा रंगभूमीवर त्या काळात रंग लावत होते ते पुरुष. बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले की घरंदाज बायका त्यांचं नेसणं, त्यांचा अंबाडा बघून शिकायच्या. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. त्याच साली पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. म्हणजे पुरुषानं पावडर लावली तर ती कला आणि बाईनं लावली तर तिच्या घराण्याची चौकशी, असा तो सगळा मामला होता.

हा झाला एक साचा. दुसरा साचा शाळेतला.

सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शिकवायला सुरुवात केली, तेव्हा लोक शेण-चिखल मारायचे. त्या पिशवीत दुसरी साडी नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत. शिकवणाऱ्या बाईच्या कपड्यांचा इतिहास आपल्याकडं असा सुरू होतो. शेणानं भरलेली एक साडी आणि वर्गासाठी स्वच्छ ठेवलेली दुसरी. मुलींसमोर नीटनेटकं उभं राहायचं, हा त्या बाईचा पहिला नियम होता, आणि तो तिनं स्वतःच स्वतःला घातला होता. त्यांच्या चित्रात कपाळावर ठळक कुंकू आहे. त्यांना ते लपवावं वाटलं नाही.

पण पुढं मास्तरणीच्या कामाला बाया मिळेनात. लग्न झालेलीला नवरा सोडायचा नाही, बिनलग्नाची मोठी मुलगी घरात असायचीच नाही. राहिल्या विधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढं हिंगण्याला नेला. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी विधवा शिक्षिका झाल्या. अनुताई वाघ अशाच बालविधवा. जन्म १९१० चा, लहानपणी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाई मोडकांच्या जोडीला बोर्डीला आल्या. पुढं कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी आदिवासी पोरांची शाळा उभी केली. पोरं शाळेत येईनात तर या बाया पाड्यावर गेल्या. पोरांना आंघोळ घातली, केस विंचरले, नखं काढली आणि मग शिकवलं. अशा बायांपुढं मान खाली जाते.

पण या गोष्टीची एक दुसरी बाजूही मला दिसते. या पिढीच्या शिक्षिकेच्या कपाळावर कुंकू नव्हतं, केसात फूल नव्हतं, अंगावर रंग नव्हता. ते शाळेनं सांगितलं म्हणून नव्हतं. ते समाजानं विधवेकडून काढून घेतलं होतं. त्या बायांनी इतकं मोठं काम केलं की लोकांना त्यांचा साधेपणा हाच शिक्षिकेचा गुण वाटायला लागला. बळजबरीनं आलेलं उघडं कपाळ पुढच्या पिढीला आदर्श म्हणून दाखवलं गेलं. 'बाई कशा साध्या असाव्यात' हे वाक्य आपण अजून म्हणतो. त्याच्या मागं काय आहे ते बोलत नाही.

एकीकडं तमाशाचा रंगवलेला चेहरा, दुसरीकडं विधवेचा कोरा चेहरा. या दोन साच्यांच्या मधल्या फटीत शिकाऊ शिक्षिकेला उभं राहावं लागतं.

आता माझ्या बहिणीचं सांगतो. त्या वेळी दहावीनंतर डी.एड. होत असे. मी १९७६ ला दहावी होऊन औताला लागलो आणि ती दोन वर्षांनी पुढं शिकायला गेली. वय सतरा, अंगानं काटकुळी. सरावपाठाला सातवीचा वर्ग मिळाला. खेड्यातली पोरं उशिरा शाळेत घातलेली, काही तर तिच्यापेक्षा दांडगी. ती वर्गात गेली की मागून कोणीतरी म्हणायचं, "ए, नवी पोरगी आली." म्हणून तिनं काय केलं, तर नऊवारीची सवय असलेल्या आमच्या आईला विचारण्यापेक्षा मैत्रिणीकडून पाचवारी नेसायला शिकली, वेण्या सोडून अंबाडा घातला, डब्यातली पावडर लावली आणि डोळ्यात काजळ घातलं. मोठं दिसायचं होतं तिला. परीक्षकांनी शेरा लिहिला, "चेहरा शिक्षकी पेशास साजेसा ठेवावा." पाठ कसा झाला, फळ्यावरचं अक्षर कसं होतं, यावर एक ओळ आणि चेहऱ्यावर एक ओळ. गुण गेले. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पुढं छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत नोकरी केली आणि रोज पावडर लावून गेली.

आता अंधेरी. माझी लेक तिथं चकाल्याला दिली आहे. १९५० पर्यंत हा भाग मुंबई महापालिकेत नव्हता. मरोळ, चकाला, आंबोली, वेसावे अशी सुटी गावं, भाताची खाचरं, कोळीवाडे. मग स्टुडिओ आले. 'मुघल-ए-आझम' अंधेरीच्या मोहन स्टुडिओत झाला, १९६० साली लागला. मधुबालेच्या तोंडाला रंग लागला तो अंधेरीत. म्हणजे आमच्या नारायणगावासारखंच हेही रंगाचं गाव. फरक एवढाच की नारायणगावात राहुटी असते आणि इथं मेकअपची खोली.

त्या खोलीतला एक नियम मला कळला तेव्हा मी थक्क झालो. मुंबईच्या सिनेमाधंद्यात मेकअप करणाऱ्यांची संघटना बाईला मेकअपवाली म्हणून कार्डच देत नव्हती. बाईनं केस करावेत, तोंडाला रंग लावायचं काम पुरुषाचं. जवळजवळ साठ वर्षं हा रिवाज चालला. चारू खुराना नावाच्या बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयानं तो रिवाज मोडून काढला. त्याच वर्षी जूनमध्ये अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावायला लागली. डोक्यावर मेट्रो आली, आणि खाली बाईला ब्रश हातात धरायची परवानगी. रंग बाईच्या तोंडाला, पण तो किती, कसा आणि कुणी लावायचा हे ठरवणार दुसराच, असं हे जुनं चालत आलेलं आहे.

नातीच्या इमारतीत समोरच्या घरातली एक पोर सहार विमानतळावर काउंटरला उभी राहते. नातीच्याच वयाची. दोघी सकाळी एकदमच जिना उतरतात. त्या पोरीनं लिपस्टिक लावली नाही तर साहेब परत पाठवतो, तोंड नीट करून ये म्हणतो. आणि आमच्या नातीला शाळेत मार्गदर्शक बाईंनी बोलावून सांगितलं की लिपस्टिक पुसून वर्गात जा. जिना एक, वय एक, लिपस्टिकची कांडी एक. एकीची नोकरी ती लावण्यावर आणि दुसरीचे गुण ती पुसण्यावर. अंधेरीत हे रोज सकाळी घडतं आणि कुणाला नवल वाटत नाही.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेत जाऊन शिकवायचे महिने वाढले. तेवढे महिने शिकाऊ पोर शाळेच्या हातात असते. पगार नाही, वर्ग स्वतःचा नाही, आणि गुण दुसऱ्याच्या पेनात. कायम झालेल्या बाईला कुणी बोललं तर ती चार शब्द सुनावू शकते. शिकाऊ पोर काय बोलणार? नातीच्या निरीक्षणाच्या कागदावर शेरा आला, "मेकअप टाळावा, विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होते." खाली गुणांच्या रकान्यात दहापैकी पाच.

मी तिला विचारलं, "बाळा, लावतेस कशाला मग?"

ती म्हणाली, "आबा, मी बावीसची आणि वर्गातली मुलं पंधराची. आहे तशी गेले तर दारातच शिपाईमामा विचारतात, कोणत्या वर्गात आहेस? लावलं की मुलं मॅडम म्हणतात."

मी हसलो नाही. बहिणीनं १९८० साली काजळ घातलं ते याच कारणासाठी. मोठं दिसायला, उभं राहायला बळ यायला. नखरा बघणाऱ्याच्या डोळ्यात होता, पोरीच्या मनात धास्ती होती.

मार्च २०२४ मध्ये सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाचा निर्णय काढला. बायांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी, पुरुषांनी शर्ट आत खोचून पँट, जीन्स-टीशर्ट नको. बरं की वाईट त्यावर पुष्कळ बोलणं झालं. पण निदान तो कागदावर आहे आणि पुरुषालाही लागू आहे. लिपस्टिकचं तसं नाही. नातीच्या शाळेत ती किती चालते, कोणत्या रंगाची चालते, कुठंही लिहिलेलं नाही. एका परीक्षकाला चालते, दुसऱ्याला नाही. शेतात पाण्याची पाळी ठरलेली नसली की भांडणं होतात, तसं हे. पाळी लिहून लावा, मग कुणाचं पाणी कुणी तोडलं ते कळेल.

आणखी एक. नातीच्या पाठाला बसलेल्या दोन परीक्षकांपैकी एक पुरुष होते. ती सांगत होती, साठीला आले तरी मिशा काळ्याभोर, कलप लावलेला, खालून पांढरं डोकावत होतं. त्यांनी मुलांचं लक्ष विचलित होतं की नाही हे कोणी तपासलं नाही. कलपही रंगच आहे. पुरुषानं लावला म्हणजे टापटीप.

बहीण आता निवृत्त आहे. मागच्या दिवाळीत नात गावी आली, तेव्हा दोघी ओट्यावर बसून बोलत होत्या. नातीनं कागद दाखवला. बहिणीनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "यात तुझ्या फळ्यावरच्या अक्षराचं काहीच लिहिलेलं नाही. पुढच्या पाठाला विचार त्यांना. म्हणावं, सर, अक्षर कसं होतं, प्रश्न कसे विचारले, मागच्या बाकावरचं पोर बोललं का, तेही लिहा. तोंडाचं लिहायचं ते लिहा, पण हे सोडून नको."

नातीनं ते विचारलं. पुढच्या कागदावर अक्षराबद्दल एक ओळ आली, चांगली आली. मेकअपचा शेरा तसाच राहिला आणि पाचाचे सहा झाले. अजून एक सत्र बाकी आहे. ती फिकट रंगाची लिपस्टिक लावून जाते आणि पर्समध्ये एक रुमाल ठेवते, पुसायला सांगितलं तर असावा म्हणून. सावित्रीबाईंच्या पिशवीत दुसरी साडी होती.