गटईकाम आणि बूट-पॉलिश (नरडाणा व खानदेश)

रस्त्याच्या कडेला, बाजारात किंवा रेल्वे स्थानकावर बसून पादत्राणे शिवणे, दुरुस्त करणे आणि त्यांना पॉलिश करणे या कामाला महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत ‘गटईकाम’ आणि ते करणाऱ्याला ‘गटई कामगार’ म्हणतात. बोलण्यात हा शब्द क्वचित येतो. लोक चांभार, मोची किंवा पॉलिशवाला म्हणतात. समाज स्वतःला चर्मकार म्हणवतो. अनुसूचित जातींच्या महाराष्ट्रातील यादीत चांभार, मोची, रोहिदास, हरळय्या अशी अनेक नावे एकाच क्रमांकाखाली आहेत. यांतली दोन नावे संतांची आहेत. माघ पौर्णिमेला ज्यांची जयंती होते ते रोहिदास, आणि बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणचे (आजचे बसवकल्याण) शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, हरळय्या. हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवण्णांना दिल्या, अशी कथा आहे. ‘माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत,’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. या वाक्यातली कृती ज्यांच्या परंपरेत खरोखर घडल्याचे सांगतात, तो हा समाज.

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावर शिंदखेडा आणि बेटावद यांच्यामध्ये त्याचे स्थानक लागते. धुळ्याहून सोनगीरवरून शिरपूरकडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्गही नरडाण्यावरूनच जातो, आणि गावाला औद्योगिक वसाहत आहे. शेतकऱ्याची वहाण, प्रवाशाचा बूट आणि कामगाराचा पोलादी टोकाचा सुरक्षा बूट ही तिन्ही पादत्राणे इथे एकाच धुळीत पडतात. त्यामुळे खानदेशातल्या या कामाचे तीन काळ समजून घ्यायला हे ठिकाण सोयीचे आहे.

पहिला काळ बलुत्याचा. त्यात पॉलिश नव्हतेच. कातडे आणि चामडे हे दोन शब्द आज एकाच अर्थाने वापरले जातात. जुन्या व्यवहारात त्यांच्यात आख्ख्या एका धंद्याचे अंतर होते. जनावराच्या अंगावरून निघते ते कातडे. चुन्याच्या निवळीत केस काढून, बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवून ते टिकाऊ केले की चामडे. हे कमावण्याचे काम मुख्यतः ढोर समाजाकडे असे. चांभार चामड्याच्या वस्तू करी. गावात त्याचे पहिले काम वहाणांचे नसून मोटेचे होते. विहिरीतून पाणी ओढणारी चामड्याची मोट, तिची सोंड, बैलांच्या जुवाचे पट्टे, आसूड हे सगळे तो करी आणि हंगामाला खळ्यावरून धान्याचे बलुते घेई. मोट गळू लागली की बागायत थांबे, म्हणून तिला टाके घालणाऱ्याची वाट सगळा मळा पाहत असे. विहिरींवर आधी तेलाची इंजिने आणि मग विजेचे पंप आले, आणि गावगाड्यातले चांभाराचे हे मोठे काम काही वर्षांतच संपले. या बदलाची दखल शेतीच्या इतिहासात पाण्याच्या बाजूने घेतली जाते. त्यात एका कारागिराचे बलुते बुडाले, हे सहसा नोंदवले जात नाही. ते इथे नोंदवणे भाग आहे.

त्या काळातही चामड्याची निगा होती. मोटेला आणि वहाणेला तेल पाजले जाई, एरंडेल किंवा करंजाचे. ‘पाजणे’ हे क्रियापद नेमके आहे, कारण तेल वर फासायचे नसते, आत मुरू द्यायचे असते. नव्या वहाणा चावू नयेत म्हणून पहिल्या दिवशी अंगठ्याला आणि पट्ट्याला तेल लावून रात्रभर ठेवण्याची पद्धत अनेक घरांत अजून आहे.

दुसरा काळ बुटाचा आणि पॉलिशचा. बूट आला तो रेल्वे, कचेरी, पोलीस आणि शाळेबरोबर. तापीच्या खोऱ्यातली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली. साधारण त्याच पिढीत जगभर डबीतले तयार पॉलिश पसरले. ऑस्ट्रेलियात १९०६ साली निघालेले ‘किवी’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव; भारतात पुढे ‘चेरी ब्लॉसम’ची डबी घरोघरी गेली. त्याआधी काजळी, तेल, मेण असे घरी कालवून बूट काळे करीत. डबीमुळे या कामाला भांडवल फारसे लागेनासे झाले. दोन ब्रश, एक फडके, दोन डब्या आणि पाय ठेवायला लाकडी पेटी एवढ्यावर माणूस स्थानकावर बसू शकला. मोटेचे काम गेलेल्या, शेतजमीन नसलेल्या अनेकांनी शहरांची वाट धरली. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर पॉलिशवाल्यांच्या सहकारी संस्थांना रेल्वेकडून परवाने मिळत आले आहेत. पेटीवर ब्रश आपटून गिऱ्हाईक बोलावण्याचा त्यांचा ठोका मुंबईकराच्या कानात बसलेला आहे. राज कपूर यांनी निर्मिलेला आणि प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शित केलेला ‘बूट पॉलिश’ हा चित्रपट १९५४ चा. त्यातली भावंडे भीक सोडून पॉलिशची पेटी घेतात. पेटीला स्वाभिमानाची खूण करणारा हा चित्रपट देशभर पाहिला गेला.

आता प्रत्यक्ष काम. पॉलिश म्हणजे काळा रंग फासणे, हा समज चुकीचा आहे. डबीत मुख्यतः मेण असते, ते पातळ ठेवणारे टर्पेंटाइनसारखे द्रावक असते आणि रंग असतो. चांगला कारागीर आधी नाडी काढतो, मग कोरड्या ब्रशने शिवणीतली आणि तळाच्या कडेची धूळ झाडतो. खानदेशातली काळ्या मातीची धूळ बारीक असते. ती न झाडता पॉलिश लावले तर मेणात मिसळून ती चामड्याला घासकागदासारखी खरवडते. म्हणून जाणकार पॉलिशवाला सर्वांत जास्त वेळ झाडण्याला देतो आणि घाईतले गिऱ्हाईक नेमके तेवढ्यासाठीच कुरकुरते. नंतर ओलसर फडके, थोडे सुकणे, आणि मग लहान ब्रशने पॉलिशचा अगदी पातळ हात. इथे थांबावे लागते. द्रावक उडून जातो आणि मेण चामड्याच्या छिद्रांत उरते. मोठा ब्रश झपाझप फिरला की घर्षणाच्या उबेने ते मेण किंचित मऊ होऊन सपाट पसरते, आणि सपाट पृष्ठभाग उजेड एका दिशेने परतवतो. चकाकी म्हणतात ती हीच. टाचेवर आणि टोकावर आरसा हवा असेल तर फडक्याला पाण्याचा थेंब लावून बोटाने लहान गोल फिरवत पातळ थरावर थर चढवतात. पाण्यामुळे मेण फडक्याला चिकटत नाही. बूट जिथे वाकतो तिथे मात्र असे थर चढवायचे नसतात. तिथे मेण तडकून पांढऱ्या रेघा पडतात. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. संचलनाच्या आदल्या रात्री ही सगळी विद्या तिथे उपयोगात येत असणार, हे वेगळे सांगायला नको.

तपकिरी बुटाला काळ्याचा ब्रश लावायचा नाही. मखमली पोताच्या चामड्याला मेण अजिबात लावायचे नाही. त्याला नुसता कोरडा ब्रश. आणि महिन्यातून एकदा तरी मेणाऐवजी तेल किंवा मलम द्यायचे, कारण मेण चकाकी देते, चामड्याच्या तंतूंना स्निग्धपणा देत नाही.

हा शेवटचा नियम खानदेशात विशेष महत्त्वाचा. एप्रिल-मे मध्ये इथला पारा चाळिशीच्या पार जातो. चामड्यातले स्निग्ध द्रव्य कमी होते, तंतू एकमेकांना घासतात आणि घडीवर भेगा पडतात. अशा दिवसांत बूट दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवले तर तळाचे चिकटवण सुटते. पावसाळ्यात उलटे होते. भिजलेला बूट लोक उन्हात किंवा चुलीजवळ वाळवतात आणि त्याचा लाकडासारखा कडक खोका होतो. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाऱ्यावर ठेवावा, बोळे ओले झाले की बदलावे, पूर्ण वाळल्यावर तेल द्यावे. बुरशी आली तर ती घराबाहेर पुसावी, आत पुसली तर शेजारच्या चपलांना लागते.

दुरुस्तीची हत्यारे मोटेच्या काळापासून फारशी बदललेली नाहीत. कापायला व सोलायला रापी, भोक पाडून दोरा ओढायला आरी, बूट उलटा घालून ठोकायला लोखंडी पाय, आकारासाठी लाकडी फरमा, बारीक चुका, मेण चोळलेला दोरा आणि पाण्याचे भांडे. बदलला तो माल, आणि तिसरा काळ इथून सुरू होतो. रेक्झिन आणि ओतीव तळांच्या पादत्राणांना टाका धरत नाही, त्यांना चिकटवावे लागते. पॉलियुरेथेनचा तळ तर न वापरताही संपतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक बांधणी सुटत जाते आणि लग्नासाठी जपून ठेवलेला बूट काही वर्षांनी चार पावलांत भुगा होतो. अशा वेळी गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावते. खरे कारण कोपऱ्यावरच्या गटई कामगाराला ठाऊक असते, त्याला विचारले जात नाही एवढेच.

विचारले का जात नाही, याचे उत्तर भाषेत आहे. ‘पायीची वहाण पायी बरी’ ही म्हण माणसांना जागा दाखवण्यासाठी वापरली गेली. नसत्या विचारपुशीला ‘चांभारचौकशी’ म्हणण्याची सवय सुशिक्षितांच्या लेखनातही उरली आहे आणि ती सोडली पाहिजे. ज्याने वहाण केली त्याला गावात ती घालून फिरू न देण्याचा प्रकार तर कायद्याने गुन्हा ठरवावा लागला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यात सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे घालण्यास मज्जाव करणे आणि चपलांचा हार घालणे हे गुन्हे स्पष्ट शब्दांत आले.

हे काम मुळातच हलके असते तर ते सगळीकडे हलके मानले गेले असते. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका रस्त्याचे छायाचित्र घेतले. चित्र उमटायला काही मिनिटे लागत, त्यामुळे चालती माणसे आणि गाड्या त्यात आल्या नाहीत. उमटला तो बूट पुसून घ्यायला उभा राहिलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी बूट पुसणारा. छायाचित्रात आलेली ही पहिली माणसे मानतात. अमेरिकेत समलिंगी पुरुषांमधून वाढलेल्या ‘लेदर’ समुदायात चामड्याचे बूट, जाकिटे, पट्टे ही ओळखीची वस्त्रे आहेत आणि त्यांची निगा राखणाऱ्याला मोठा मान आहे. शिकागोच्या त्यांच्या वार्षिक मेळ्यात १९९३ पासून उत्तम बूट-पॉलिश करणाऱ्याला किताब दिला जातो. तिथला पॉलिशवाला हे काम निवडतो, त्याचे बारकावे इतरांना शिकवतो. ब्रश तोच, मेण तेच, मनगटाची फेक तीच. नरडाण्याच्या रस्त्यावरच्या माणसाला ते जन्माने चिकटवले गेले, आणि कमीपणा आला तो तेवढ्याच कारणाने. म्हणून चर्मकार घरातली मुले शिकून दुसऱ्या कामाला गेली याला हुन्नराचा ऱ्हास म्हणून हळहळणे योग्य नाही. हळहळ वाटावी ती हुन्नर लिहून न ठेवल्याची.

सरकारी बाजू थोडक्यात. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले. सामाजिक न्याय विभाग गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देतो. उन्हात बसणाऱ्याला चार बाजूंनी पत्रा म्हणजे खानदेशात भट्टीच, तरी बसायला स्वतःच्या नावावर स्टॉल मिळतो ही मोठी गोष्ट. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने रस्त्यावर सेवा देणाऱ्यांनाही संरक्षण दिले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकार आहेत. तिच्यात अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. धंदा मात्र आक्रसत गेला. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या टाळेबंदीत प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा स्थानकावरच्या पॉलिशवाल्याला हातात पेटी घेऊन घरी बसावे लागले होते. त्यानंतर शाळा-कचेऱ्यांत खेळाच्या बुटांचे प्रमाण वाढत गेले आणि पॉलिशचे गिऱ्हाईक आटले. औद्योगिक वसाहतीतल्या सुरक्षा बुटाला चकाकी लागत नाही. त्याचे पोलादी टोक शाबूत असते, पण वरचे चामडे सिमेंटच्या भुकटीने आणि घामाने सुकून घडीवर फाटते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून तेलाचा हात दिला तर ते टिकते. त्यासाठी लागणारे तेल आणि माहिती दोन्ही कोपऱ्यावरच्या पेटीत आहेत.