ताजमधला क्रिकेट स्मिथ

क्रिकेट स्मिथ हे नाव वाचून आपल्या कंपाउंडमधल्या बॉलर मंडळींचे कान टवकारतील. पण या माणसाच्या हातात बॅट-बॉल नव्हता, ट्रम्पेट होतं. विल्यम ‘क्रिकेट’ स्मिथ हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक १९३६ साली आपल्या मुंबईत, ताजमहाल हॉटेलात, बँड चालवत होता. त्याच वर्षी इथेच, मुंबईत, त्याच्या बँडच्या तबकड्या निघाल्या.

माझे कान गिरगावात घडलेले. भजन, नाट्यसंगीत आणि रेडिओवरची सिनेमाची गाणी. जाझ म्हणजे साहेब लोकांचं काहीतरी, एवढंच ठाऊक. मग नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे मुंबईच्या जाझवरचं इंग्रजी पुस्तक २०१२च्या सुमारास हातात आलं. त्याच्यासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी मिळते. पुस्तकाचं नावच स्मिथच्या बँडने वाजवलेल्या, मेना सायलस यांनी रचलेल्या ‘ताजमहाल’ या फॉक्सट्रॉटवरून घेतलेलं आहे. त्याआधी १९८०च्या दशकात इंग्लंडच्या हार्लेक्विन कंपनीने १९२६ ते १९४४ या काळातल्या भारतातल्या जाझची एक एलपी काढली होती. विस्मृतीत गेलेला हा वादक पुन्हा लोकांच्या कानी पडला, तो अशा पुनर्प्रकाशनांमुळे.

स्मिथ मुंबईत आला तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. त्याची कारकीर्द बघितली की थक्क व्हायला होतं. डिसेंबर १९१३ आणि फेब्रुवारी १९१४मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदाने व्हिक्टर कंपनीसाठी तबकड्या केल्या, त्यात तो कॉर्नेट वाजवतो. जाझच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या तबकड्या १९१७च्या. म्हणजे हा माणूस त्याच्याही आधीचा! तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं, आणि मोठ्या आवाजाच्या वाद्यांनी मागे उभं राहायचं. तरीही ‘कॅसल हाउस रॅग’च्या शेवटाकडे कॉर्नेट ठेक्याशी खेळत कशी मोकळी सुटते, ते आजही ऐकू येतं.

पुढे तो पॅरिसला गेला. लुई मिचेल यांच्या ‘जाझ किंग्ज’मध्ये वाजवलं. अमेरिकेत वर्णभेदामुळे जी दारं बंद होती, ती तिथे उघडी होती. पण १९३०नंतर मंदी आली, परदेशी वादकांवर मर्यादा आल्या आणि मंडळी नवं काम शोधू लागली. १९३५मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांनी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमध्ये आणला. स्मिथ त्याच वाटेने मुंबईत आला आणि इथे ‘सिम्फोनियन्स’ या नावाच्या बँडचा प्रमुख झाला.

आता कुणी म्हणेल, ताजमधल्या साहेबांच्या नाचाशी आपला मुलुंडकरांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दरवर्षी आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचतो.

या अमेरिकन वादकांचं काम मुंबईतले गोवेकर वादक ऐकत होते. गोव्याच्या चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली ही मुलं. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या क्लबांत, खाट मिळवून राहायची. त्यातलाच एक हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ, जन्म १९१६. मुंबईने त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखलं आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग ठरवलं. तोही पुढे ताजमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला. १९४९चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री मंदावल्या आणि असे कितीतरी वादक सिनेमाच्या संगीताकडे वळले. तिथे त्यांना भेटले आपले पुणतांब्याचे राम चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये तर तो आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. भगवानदादांच्या ज्या स्टेपवर आपल्या सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक गुडघेदुखी विसरतात, तिच्यामागच्या ट्रम्पेटची वाट अशी ताजमधून येते.

पण सिनेमाच्या पाट्यांवर नाव संगीतकाराचं. वाद्यमेळ बांधणाऱ्याचं क्वचित, वाजवणाऱ्यांचं बहुधा नाहीच. चिक चॉकलेट १९६७मध्ये गेला. गाणी घराघरांत राहिली, त्याचं नाव मोजक्यांच्या तोंडी उरलं.

आपल्या बी विंगमध्ये राहून गेलेले व्हायोलिनवाले काका जुन्या रहिवाशांना आठवत असतील. तीस वर्षं स्टुडिओत वाजवलं. कुठल्या गाण्यात वाजवलं ते एका वहीत लिहून ठेवायचे. ते गेल्यावर घर रिकामं झालं आणि ती वही रद्दीत गेली. आता एखादं गाणं लागलं की आम्ही जुनी मंडळी एकमेकांना विचारतो, “यात काका होते का हो?” सांगणारं कुणी नाही.

म्हणून पुनर्प्रकाशनाची गोष्ट मला नुसती संगीताची वाटत नाही. ७८ गतीची तबकडी लाखेची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं संगीत, आणि हातातून पडली की तुकडे. मूळ साचा हरवला, तर कुणाच्या तरी घरी उरलेल्या प्रतीवरूनच नवी प्रत करावी लागते. तिची खरखर कमी करता येते, पण प्रतच उरली नाही तर काही करता येत नाही. तबकडीवरचं लेबल वाचता आलं तर बँडचं नाव कळतं, आणि नावावरून माणूस शोधता येतो. क्रिकेट स्मिथ सापडला तो असाच.

पंचविशीनिमित्त पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. आज ना उद्या सगळ्यांचे माळे रिकामे होतील. माळ्यावर आजोबांच्या तबकड्या, कार्यक्रमपत्रिका किंवा कुणाची वही निघाली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिच्यावरची नावं वाचा, मोबाइलवर फोटो काढा आणि सोसायटीच्या ऑफिसात एक प्रत द्या. कपाटातला खालचा कप्पा त्यासाठी मोकळा करून घ्यायचं काम माझ्याकडे.