सावलीचा रंग

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलो तेव्हा गुरुजींनी बजावले होते, सावली काळ्या रंगाने काढायची. पुढे एका फाल्गुनात घाटंजीच्या रस्त्याने जाताना पळसाखालची सावली पाहिली, तर ती जांभळट! गुरुजी खोटे बोलले नव्हते. त्यांनाही कुणी तसेच शिकवले असणार.

पॅरिसमध्ये मोने आणि त्याच्या मित्रांचे भांडण याच गोष्टीवरून होते. 1874 साली त्यांनी आपले प्रदर्शन भरवले, तेव्हा एका समीक्षकाने त्यांची टर उडवली आणि टवाळीतूनच त्या पंथाला नाव मिळाले. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. शब्द अवघड, पण गोष्ट सोपी : क्षणाचा उजेड पकडणे.

आपल्याकडे हे वेड लागले ते कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांना. घरात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याचा वारसा. त्यामुळे बोटांना वळण लहानपणीच लागले असावे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. तिथला धडा विलायती : आधी प्लास्टरचे पुतळे पाहून रेखाटन, मग समोर बसलेला माणूस. हात तयार झाला, पण उजेड त्या वर्गात नव्हता. तो त्यांना गावी परतल्यावर कोटितीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या काठी सापडला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. पोटाची सोय झाली आणि निसर्गचित्रे काढायला मोकळीकही मिळाली. रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून पाणी हलते करण्याची किमया त्यांनी पॅरिसला न जाता साधली.

1922 साली महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. 1931 मध्ये तेही गेले. आश्रयदाता एकच असला की असे होते. आम्ही कवी मंडळींनी तर आश्रयदाता पाहिलेलाच नाही, ते सोडा!

सय्यद हैदर रझा पुढच्या पिढीतले. मंडला जिल्ह्यातल्या वनखात्यातल्या नोकरदाराचा हा मुलगा चित्रकला शिकला तो आपल्या नागपुरात, नंतर जे. जे.मध्ये. मुंबईत ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी केली. नाझींमुळे देश सोडून आलेले ऑस्ट्रियन चित्रकार लँगहॅमर यांनी पाठीवर हात ठेवला. त्या काळातले रझांचे मुंबईचे रस्ते ओल्या उजेडाचे आहेत. बिंदू फार नंतरचा. 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. राजा नव्हता, पण वर्तमानपत्रे होती, प्रदर्शने होती, विकत घेणारे होते. आबालालांच्या नशिबी यातले काय होते?

यवतमाळहून कोल्हापूर लांब आहे. पण लग्नकार्याला तिकडे गेलात, तर टाऊन हॉल म्युझियममध्ये अर्धा तास काढा. आबालालांची चित्रे तिथे आहेत. आधी जवळून पाहा, मग चार पावले मागे सरून.