निनावी मजकूर आणि बदनामीचे उत्तरदायित्व : कोल्हापूर प्रकरणापासून आंतरजालापर्यंत

प्रस्तावना

आंतरजालावर नाव न देता अथवा खोट्या नावाने लिहिलेल्या मजकुरामुळे एखाद्याची बदनामी झाली, तर तिचे उत्तरदायित्व कोणावर, हा प्रश्न संगणकयुगाबरोबर निर्माण झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. मूळ लेखक पडद्याआड आणि शिक्षा प्रसिद्ध करणाऱ्यास, हे दृश्य महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते. बदललेली गोष्ट एवढीच, की तेव्हा प्रसिद्ध करणारा कोण हे शोधावे लागत नसे.

कोल्हापूर प्रकरण

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यातून ‘मराठा’ व ‘केसरी’ ही पत्रे सुरू झाली. त्याच वर्षी कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांच्या मानसिक आजाराचा व त्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा विषय महाराष्ट्रभर चर्चिला जात होता. संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे हे महाराजांचा छळ करीत आहेत, असा आरोप या पत्रांनी केला. बर्वे यांनी लिहिली म्हणून सांगितली गेलेली काही पत्रे संपादकांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे आरोप अधिक धारदार झाले. बर्वे यांनी बदनामीची फिर्याद केली. पत्रे बनावट असल्याचे पुढे निष्पन्न झाले. संपादकांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक व ‘केसरी’चे गोपाळ गणेश आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढल्यावर २६ ऑक्टोबर रोजी त्यांची सुटका झाली. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. खटल्याच्या काळात महात्मा फुले यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. पुढे परस्परांवर कठोर टीका करणाऱ्या मंडळींमधील हा प्रसंग अभ्यासकांनी विसरू नये असा आहे.

या प्रकरणाचा विचार बहुधा देशभक्तीच्या अंगाने होतो. कायद्याच्या अंगाने पाहिले तर त्यातील मर्म वेगळे दिसते. ती पत्रे निनावी नव्हती. त्यांवर नाव होते, पण ते दुसऱ्याचे होते. आज एखाद्या व्यक्तीच्या नावाने खोटे खाते उघडून तिच्याच तोंडी मजकूर घातला जातो, त्याच्याशी या प्रकाराचे साम्य उघड आहे. निनावी मजकुराकडे वाचक काहीसा संशयाने पाहतो. सही असलेल्या मजकुरावर मात्र चटकन विश्वास ठेवतो. टिळक-आगरकरांसारखे चिकित्सक लोकही फसले ते यामुळेच. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ ने मजकूर रचणारा आणि प्रसिद्ध करणारा यांना एकाच पंक्तीत बसविले होते. कलमाच्या दहा अपवादांपैकी काहींत सद्‍भावनेला स्थान आहे, परंतु या संहितेत सद्‍भावना म्हणजे योग्य ती काळजी व दक्षता. हेतू शुद्ध असणे पुरेसे नव्हते. पत्रांची शहानिशा आवश्यक होती.

नावाची सक्ती

प्रसिद्ध करणारा सापडत असे, याचे कारण १८६७ चा मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियम. प्रत्येक छापील कागदावर मुद्रक व मुद्रणस्थळ यांचा उल्लेख आणि नियतकालिकासाठी दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र, अशी सक्ती त्याने केली. संपादकाचे नाव छापण्याची अट मात्र १९२२ च्या दुरुस्तीने आली. यवतमाळपुरते बोलायचे तर, बापूजी अणे यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस येथून निघालेले ‘लोकमत’ हे या दुरुस्तीच्या थोडे आधीचे. १८६७ च्या अधिनियमाची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला.

लेखकाच्या नावाची सक्ती या व्यवस्थेने कधीच केली नाही, हे महत्त्वाचे. अधिनियमापूर्वीच, १८४८ ते १८५० या काळात, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये गोपाळ हरि देशमुख यांची शतपत्रे ‘लोकहितवादी’ या नावाने आली. सरकारी नोकरीतील माणसाला स्वसमाजावर इतके परखड लिहिण्यास टोपणनावाने आडोसा दिला. निनावीपणा म्हणजे केवळ भ्याडपणा, हे मत या एका उदाहरणानेच बाजूला पडते. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविताही टोपणसहीनेच आली होती. तो खटला बदनामीचा नसून राजद्रोहाचा होता. मुद्रकास निर्दोष सोडण्यात आले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सही कोणाची, याने निकालात फरक पडला नाही.

मध्यस्थाचा प्रवेश

आंतरजालाने ही साखळी तोडली. येथे लेखक स्वतःच प्रकाशक असतो आणि मजकूर ज्या कंपनीच्या यंत्रणेवर राहतो ती कंपनी तो छापण्यापूर्वी वाचत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ ने अशा मध्यस्थांना मर्यादित संरक्षण दिले. २००८ ची दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात येऊन ते विस्तारले. दुरुस्तीपूर्वीचे संरक्षण बदनामीच्या गुन्ह्यास लागू नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने गूगल विरुद्ध विसाका इंडस्ट्रीज या प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले. दरम्यान २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने कलम ६६ अ रद्द केले आणि न्यायालयाचा आदेश वा शासनाची सूचना मिळाल्यावरच मजकूर हटविण्याचे बंधन मध्यस्थावर येते, असा अर्थ लावला. या याचिकेस निमित्त झाले ते नोव्हेंबर २०१२ मधील पालघरच्या दोन तरुणींच्या अटकेचे. त्यांनी स्वतःच्या नावानेच लिहिले होते, म्हणून त्या काही तासांत सापडल्या. नाव लपविणारा इतक्या सहज सापडत नाही, आणि तो सापडला असे वाटते तेव्हाही चूक होऊ शकते.

२००७ चे पुणे येथील प्रकरण याचा दाखला आहे. ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक चित्र टाकले गेले. बदनामीपेक्षा भावना दुखावण्याचा तो विषय होता. संकेतांकावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्यास अटक केली. त्याने सुमारे ५० दिवस येरवड्यात काढले. नंतर कळले की, सेवा पुरविणाऱ्या कंपनीने भलत्याच ग्राहकाचे नाव दिले होते. एकच संकेतांक दिवसभरात अनेक ग्राहकांकडे फिरत असल्याने वेळेची नोंद जराशी चुकली तरी माणूस बदलतो. डोंगरीतील १०१ दिवस निदान स्वतः छापलेल्या मजकुरासाठी होते. येरवड्यातील दिवसांना तेवढाही आधार नव्हता.

पीडिताची वाट

उमरखेड वा वणीच्या एखाद्या शिक्षिकेविषयी खोट्या खात्यावरून मजकूर पसरला, तर तिच्यापुढे कोणता मार्ग राहतो? फौजदारी बदनामी घटनात्मक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात मान्य केले. १ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तो अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पीडितेने स्वतः दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद करावी, अशी अपेक्षा आहे. फिर्याद अज्ञात व्यक्तीविरुद्ध करता येते हे खरे, पण ओळख पटविणारी माहिती बहुधा परदेशी कंपनीच्या ताब्यात असते. संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे २०२१ च्या नियमांतील बंधनही येथे उपयोगी नाही, कारण ते ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरते आहे. इंग्लंडने २०१३ च्या कायद्यात निराळी तडजोड केली : लेखकाची ओळख पटविणे फिर्यादीस अशक्य असेल आणि तक्रारीची सूचना मिळूनही संकेतस्थळ चालविणारा विहित पद्धतीने वागला नाही, तर त्याचा बचाव जातो.

आपल्याकडील विसंगती मुदतीच्या कायद्यात सर्वाधिक जाणवते. फौजदारी कारवाईची तीन वर्षांची मुदत, गुन्हेगार अज्ञात असल्यास, त्याची ओळख प्रथम कळल्या दिवसापासून मोजली जाते. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यासाठी १९६३ च्या मुदत अधिनियमाने एकच वर्ष दिले आहे, आणि ते मजकूर प्रसिद्ध झाल्या दिवसापासून सुरू होते; लेखकाचे नाव तोवर कोणाला ठाऊक असो वा नसो.